रबरी पट्ट्याच्या आधाराने बीमचा सराव

लष्कराच्या भरतीला मुले पाठवणाऱ्या पालकांची एक तक्रार नेहमीची आहे. मुलगा पळण्यात चपळ, भाताचे पोते सहज पाठीवर घेणारा. पण आडव्या लोखंडी दांड्याला लटकला की हनुवटी काही वर जात नाही. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असल्यामुळे आपल्या भागात हा विषय घरोघरी निघतो. अग्निवीर भरतीत २०२३ पासून आधी संगणकावर लेखी परीक्षा होते आणि तीत निवडलेल्यांनाच मैदानावर बोलावतात. तेथे 'बीम'ला ४० गुण असतात. दहा वेळा हनुवटी दांड्यावर नेली तर पूर्ण ४०, सहा वेळा नेली तर १६, आणि सहाच्या आत थांबला तर नापास. वर्षभर अभ्यास करून लेखी परीक्षा पार केलेला मुलगा चार बीमवर घरी परत येतो, तेव्हा वाईट वाटते.

पोते उचलणारा येथे का अडतो? पोते उचलताना जोर पायांचा व कमरेचा लागतो. बीमला लागतात ते पाठीचे रुंद स्नायू, खांद्याची पाती आवळणारे स्नायू आणि दंड. शेतीच्या कामात वरून खाली ओढण्याची हालचाल फारशी नाही. पूर्वी रहाटाने विहिरीचे पाणी शेंदताना ती रोज होत असे. पंप आले आणि तेही गेले. शिवाय येथे ओझे कमी करून सुरुवात करता येत नाही. ज्याचे वजन ६० किलो, त्याला पहिल्या दिवसापासून ६० किलोच ओढावे लागतात.

ही अडचण रबरी पट्टा दूर करतो. खेळाच्या सामानाच्या दुकानात तो 'रेझिस्टन्स बँड' या नावाने मिळतो. बीमसाठी सुमारे १०४ सेंटिमीटर लांबीचे, बिनजोडाचे, गोल वेटोळ्याचे पट्टे घ्यावेत. पट्टा जितका रुंद, तितका आधार जास्त. तो दांड्यावरून टाकून त्याचे एक टोक दुसऱ्यातून ओवून घट्ट ओढावे. मग स्टुलावर उभे राहून खालच्या वेटोळ्यात एक पाऊल ठेवावे व दोन्ही हातांनी दांडा पकडून लटकावे. ताणलेला पट्टा शरीराला खालून उचलून धरतो.

रंगावरून पट्ट्याची ताकद ठरवू नये, कारण प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे. आपल्याकडे धान्य तोलायचा ताणकाटा असतो, तो येथे उपयोगी पडतो. पट्टा दांड्याला अडकवून खालचे वेटोळे काट्याच्या आकड्यात घालावे आणि लटकताना पाऊल जेथे येते तेथपर्यंत ओढून किलो पाहावेत. मग हनुवटी वर असताना पाऊल जेथे असते तेथेही पाहावेत. समजा, खाली २५ किलो आणि वर ८ किलो दिसले. म्हणजे ६० किलोचा मुलगा तळाला ३५ किलो ओढतो, पण वर पोचताना ५२ किलो. पट्ट्याची खरी खोड हीच आहे. तो तळाला भरपूर मदत करतो आणि वर हात सोडतो. म्हणून नुसत्या पट्ट्यावर वीस बीम मारणारा मुलगा पट्टा काढल्यावर तळालाच लोंबकळत राहतो, आणि घरचे म्हणतात की पट्ट्याचे पैसे वाया गेले.

तेव्हा पट्ट्याबरोबर आणखी दोन गोष्टी हव्यात. पहिली, पट्ट्याशिवाय सरळ हातांनी लटकून, कोपर न वाकवता, फक्त खांद्याची पाती खाली ओढणे. शरीर दोन-तीन बोटेच वर येते, पण तळाची सुरुवात तेथेच होते. दुसरी, स्टुलावर चढून हनुवटी दांड्याच्या वर घ्यावी व पाय सोडून मनात पाच आकडे मोजत सावकाश खाली यावे. चढता न येणाऱ्यालाही उतरता येते, आणि स्नायूंना त्या उतरण्यानेच बळ येते. मात्र पहिल्या आठवड्यात ही उतरण एका वेळी तीन-चार इतकीच पुरे. ईर्षेने पन्नास करू नयेत. हात सुजले आणि लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, तर स्नायू फाटून मूत्रपिंडावर भार येत असतो. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून, हा सराव करावा. पट्ट्यावर झोके न घेता आठ-आठचे तीन फेरे नीट जमू लागले की अरुंद पट्टा घ्यावा. पहिला बिनआधाराचा बीम कोणाला दोन महिन्यांत येतो, कोणाला सहा. अंगावरचे वजन जास्त असेल तर उशीर होणारच. लावणीच्या किंवा ऊसतोडीच्या दिवसांत नुसते लटकणे चालू ठेवले तरी चालेल. कोपराच्या आतल्या बाजूला दुखू लागले तर आठवडाभर थांबावे. रक्तदाब असलेल्यांनी व खांदा पूर्वी निखळलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या फंदात पडू नये.

दांडा दोन मजबूत खांबांत पक्का बसवावा. झाडाला लटकायचे असल्यास आंब्याची जाड, ओली फांदी चालते. शेवग्याच्या फांदीवर कधीही विश्वास ठेवू नये. सायकलच्या ट्यूबचा पट्टा करण्याचा मोह अनेकांना होतो. ती व्हॉल्व्हजवळ किंवा पंक्चरच्या ठिकाणी अचानक तुटते आणि माणूस पाठीवर आपटतो. विकतच्या पट्ट्यातूनही पाऊल निसटले तर तो तोंडावर बसतो, म्हणून उतरताना आधी स्टुलावर पाय टेकावा आणि मगच पट्टा हाताने धरून सोडवावा.

ऊन, डिझेल आणि तेल यांनी रबर कुजते. पट्टा इंजिनाच्या खोपीत न ठेवता घरात सावलीत खुंटीला टांगावा आणि दर वेळी ताणून पाहावा. कडेला बारीकशी चीर दिसली तरी तो कापून टाकावा, म्हणजे घरातले दुसरे कोणी चुकून त्यावर पाय ठेवणार नाही.