बक्षीस शाळांना, चेक मुलांना!

अप्रेझलचा सीझन आला की आमच्या ऑफिसात एक डायलॉग हमखास ऐकू येतो. 'त्याचे नंबर मोठे दिसणारच रे, त्याला क्लायंट आयते मिळालेत!' थोडक्यात काय, कोण कुठे पोचला एवढंच नका बघू, निघाला कुठून होता तेही बघा. पटतंय ना? मग अमेरिकेतल्या ब्रोड प्राइझची गोष्ट तुमच्यासाठीच आहे.

तिकडे शहरातल्या सरकारी शाळांचा कारभार 'स्कूल डिस्ट्रिक्ट' बघतो. आपल्या महापालिकेच्या शिक्षण खात्यासारखंच म्हणा ना. घरबांधणी आणि इन्शुरन्समधून अब्जाधीश झालेल्या ईलाय ब्रोड यांच्या फाउंडेशनने २००२ मध्ये अशा शहरी डिस्ट्रिक्टसाठी हे बक्षीस सुरू केलं. त्यासाठी अर्ज करायची सोयच नव्हती. मोठ्या डिस्ट्रिक्टचे आकडे तपासून निवड व्हायची. मुलांची प्रगती किती झाली आणि गरीब, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक मुलं व इतर मुलं यांच्यातलं अंतर किती घटलं, यावर खास भर असायचा.

मला सगळ्यात भावलं ते पैशांचं. बक्षिसाची रक्कम साहेबांच्या केबिनमध्ये जात नव्हती, शाळा संपवून कॉलेजला निघालेल्या मुलांना स्कॉलरशिप म्हणून मिळायची. २००८ मध्ये मेक्सिकोच्या सीमेवरचं टेक्सासमधलं ब्राउन्सविल जिंकलं. तिथली दहातली नऊहून जास्त मुलं हिस्पॅनिक आणि गरीब घरची. त्यांच्या वाट्याला आले तब्बल १० लाख डॉलर!

आता नाण्याची दुसरी बाजू. २००२ चं पहिलंवहिलं बक्षीस मिळालं ह्यूस्टनला. वर्षभरातच, २००३ मध्ये, राज्याच्या ऑडिटमध्ये भलतंच निघालं. १६ शाळांमधून २०००-०१ या वर्षात बाहेर पडलेल्या सुमारे ५,५०० मुलांच्या नोंदी तपासल्या, तर त्यातल्या निम्म्याहून जास्त मुलांना 'गळती'त धरायला हवं होतं. धरलंच नव्हतं! आपल्याकडे टार्गेटच्या एक्सेल शीटमधून नकोशी रो गायब होते ना, तसंच. फक्त इथे प्रत्येक रो म्हणजे एक जिवंत पोरगं होतं. शाळा सुटलेलं, आणि हिशेबातूनही सुटलेलं.

याच ह्यूस्टनने २०१३ मध्ये पुन्हा बाजी मारली. दोनदा जिंकणारं ते पहिलंच. आणि २०२३ मध्ये? टेक्सास राज्याने तिथलं निवडून आलेलं बोर्ड बाजूला करून कारभार आपल्या हातात घेतला. बक्षीस तर त्याआधीच थांबलं होतं. २०१४ मध्ये अंतिम यादीत दोनच नावं उरली, गविनेट आणि ऑरेंज काउंटी, आणि दोघांना ते विभागून दिलं गेलं. शहरी डिस्ट्रिक्टची प्रगती फारच संथ आहे, असं म्हणत २०१५ मध्ये फाउंडेशनने ते स्थगित केलं.

मग सगळं मुसळ केरात? मला नाही तसं वाटत. 'तुमची शाळा किती हुशार?' असं सगळेच विचारतात. 'मागे पडलेलं पोरगं किती पुढे आलं?' हा प्रश्न या बक्षिसाने १२-१३ वर्षं लावून धरला. फक्त त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न हवा: ज्याचं नावच यादीत नाही, ते पोरगं गेलं कुठे? आपल्या शहरातल्या मनपा शाळेच्या निकालाची टक्केवारी पेपरात झळकेल, तेव्हा टाळ्या जरूर वाजवा मंडळी. पण पहिलीला पट किती होता, तेही विचारा.