नत्र एकच, रूपे अनेक

युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के, म्हणजे सुमारे २१ किलो नत्र असते. त्यातले पिकाच्या मुखी किती पडते? भातखाचरात नुसत्या फेकलेल्या युरियातील निम्म्याहून अधिक नत्र पिकाला लाभतच नाही. शिवाय गोणीच्या किमतीचा मोठा हिस्सा सरकारी तिजोरी, म्हणजे आपण शहरवासीही, भरतो. तेव्हा खत कोणत्या रूपात द्यावे हा एकट्या शेतकऱ्याचा प्रश्न नव्हे.

नत्र हरवते कोठे, हे आधी पाहू. ओल्या जमिनीवर पडलेल्या युरियाचा काही दिवसांत अमोनिया होतो. जिल्ह्याच्या पूर्वेकडील चुनखडीच्या काळ्या रानात तो विशेष लवकर हवेत उडतो. तेथे दाणे मातीआड करावेत, किंवा ठिबक असल्यास पाण्यात विरघळवून थोडे थोडे द्यावेत. २०१५ पासून युरियाला निंबोळी तेलाचे लेपन सक्तीचे झाले. त्याने अमोनियाचे नायट्रेट होणे मंदावते. वर पडलेल्या दाण्यातला अमोनिया उडायचा तो मात्र उडतोच.

२०२१ साली नॅनो युरियाची ५०० मिलिलिटरची बाटली आली. ही बाटली एका गोणीची जागा घेईल, असे सांगण्यात आले. तिच्यात नत्र ४ टक्के, म्हणजे २० ग्रॅम. २०२४ च्या नव्या मानकाचे २० टक्के धरले तरी १०० ग्रॅमच! पानांतून नत्र चटकन शोषले जाते हे खरे, आणि जोडखत म्हणून फवारणी करण्यास आमची हरकत नाही. पण २१ किलोंची भरपाई १०० ग्रॅमांनी कशी व्हावी, हा हिशेब आम्हांस उलगडत नाही.

मावळ-मुळशीकडील भाताला आणखी एक रूप मानवते. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री पद्धतीत युरिया व डीएपी दाबून केलेल्या २.७ ग्रॅमच्या गोळ्या, म्हणजे ब्रिकेट, वापरतात. लावणीनंतर दर चार चुडांच्या मधोमध एक गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल चिखलात खोचायची. तेथे अमोनियम मातीच्या कणांना धरून राहते, वरच्या पाण्यात फारसे येत नाही, आणि मुळांना हळूहळू मिळत जाते. अडचण मजुरीची आहे. हेक्टरी अशा ६२,५०० गोळ्या वाकून खोचाव्या लागतात, आणि तेही ऐन लावणीच्या दिवसांत. माणसे मिळाली नाहीत, तर खाचरातील पाणी काढून दाणेदार युरियाच दोन-तीन हप्त्यांत द्यावा लागतो.