नाव तुमचे, तर दोषही तुमचा

गेल्या वर्षी रमजानच्या तोंडावर आमच्या घरी नवा टीव्ही आला. सासूबाईंनी, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या अम्मींनी, त्यासाठी मोहल्ल्यातल्या बायकांच्या भिशीत वर्षभर पैसे टाकले होते. गुडघ्यांमुळे उमराहचा प्रवास आता त्यांना झेपणार नव्हता. निदान हरमशरीफची तरावीह घरबसल्या थेट पाहावी, एवढीच हौस.

परळीच्या बाजारातल्या एका दुकानात बत्तीस इंची 'स्मार्ट' टीव्ही साडेसहा हजारांत मिळाला. शेजारीच नावाजलेल्या कंपनीचा तेवढाच टीव्ही जवळपास दुप्पट किमतीला होता. स्वस्त टीव्हीवर दुकानदाराने स्वतःच्या दुकानाचेच नाव लावलेले. माणूस ओळखीचा, जुम्म्याला यांच्याच सफेत उभा राहणारा. पैसे मोबाइलवरून दिले. पक्के बिल मागायचे कुणाच्या मनातही आले नाही.

पहिल्याच रात्री एक गोष्ट खटकली. टीव्ही भिंतीवर उंच आणि अम्मी खाली चटईवर. खालून पाहिले की चेहरे काळपट दिसत, रंग उलटेपालटे होत. उभे राहिले तर चित्र बरे. 'होईल सवय,' असे म्हणत त्या रोज रात्री अकराच्या सुमारास तस्बीह घेऊन बसू लागल्या. सतराव्या रोजाच्या रात्री पडदा काळा झाला. आवाज मात्र चालूच होता. इमामांची किरअत ऐकू येत होती, काबा दिसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुकानदार म्हणाला, "कंपनीचा फॉल्ट आहे, मी काय करणार?" मी विचारले, "भाईजान, कंपनी कोणती?" तो गप्प झाला. टीव्हीवर तर त्याचेच नाव होते.

आत काय निघाले?

गल्लीतल्या मेकॅनिकने अंधार करून पडद्यावर टॉर्च धरला, तेव्हा पुसट चित्र हलताना दिसले. म्हणजे चित्र उमटत होते, मागचा उजेड गेला होता. एलईडी टीव्हीच्या पडद्याला स्वतःचा उजेड नसतो. मागे बारीक दिव्यांच्या पट्ट्या असतात. हे दिवे बहुधा माळेसारखे एकामागे एक जोडलेले असतात. त्यातला एक तुटला की अख्खी माळ विझते.

स्वस्त टीव्हीत दिवे कमी बसवतात आणि दुकानात चित्र झगझगीत दिसावे म्हणून त्यांच्यातून जास्त प्रवाह सोडतात. दिवे तापतात आणि लवकर जातात. त्यात आमच्या गल्लीत व्होल्टेज कधी वर, कधी खाली. वीज केंद्राचे गाव म्हणून परळीचे नाव, पण घरातल्या पंख्याला ते कोण सांगणार? चांगल्या टीव्हीत असा चढउतार सोसण्यासाठी वीजपुरवठ्याचा भाग मजबूत ठेवतात. आमच्यात तिथेही काटकसर होती. आपल्याकडची बारीक राख आणि धूळ जाळीत बसली की उष्णता बाहेर पडायलाही जागा उरत नाही.

खोक्यावर 'फुल एचडी सपोर्ट' असे लिहिले होते. त्याचा अर्थ एवढाच की टीव्ही तसे प्रक्षेपण स्वीकारतो. पडदा मात्र 1366 बाय 768 ठिपक्यांचा होता. खऱ्या फुल एचडीला 1920 बाय 1080 ठिपके लागतात. लिहिलेले खोटे नव्हते, पण समजायला सोपेही ठेवले नव्हते.

टीव्हीच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा पडद्याच्या पॅनेलचा असतो. बहुतेक पॅनेल बाहेरून, मुख्यतः चीनमधून येतात आणि इथे जोडणी होते. लहान कारखाने एकच टीव्ही वेगवेगळ्या नावांनी बनवून देतात. दुकानदाराने मागणी द्यायची, नावाची पट्टी लावून मिळते. यात मुळात वाईट काही नाही. मोठी साखळी दुकानेही स्वतःच्या नावाने टीव्ही विकतात. प्रश्न एवढाच, की बिघडल्यावर उभा कोण राहणार? सुटे भाग कुठून येणार?

आमच्या मराठवाड्यात एकेकाळी घराघरांत व्हिडिओकॉनचे जाडजूड टीव्ही होते. कंपनीचा कारखाना औरंगाबादजवळ चितेगावला होता. टीव्ही बिघडायचा, पण भाग मिळायचा आणि दुरुस्तीही व्हायची. पुढे 2018 मध्ये ती कंपनीही दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. म्हणून केवळ नाव मोठे आहे, यावरही विसंबून चालत नाही.

कायदा काय म्हणतो?

'मी फक्त विकतो' हे उत्तर इथे चालत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार दुसऱ्याने बनवलेल्या मालावर जो स्वतःचे नाव किंवा चिन्ह लावतो, तोही 'उत्पादक' ठरतो. हा कायदा 20 जुलै 2020 पासून लागू आहे. बिल न देणे ही त्यात अनुचित व्यापार प्रथा मानली आहे. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि तशी मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणे हीसुद्धा. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी त्यामुळे सदोष मालाला लागू पडत नाही.

1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवता येते. तिथे निकाल लागला नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. आपण राहतो त्याच जिल्ह्यात, दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही.

आणि दीन?

हेल्पलाइनचे नाव काढताच अम्मी म्हणाल्या, "जाने दे बेटा, अपनाच आदमी है. रमजानात कुणाची बदनामी कशाला?" बऱ्याच घरांत बायका इथेच थांबतात.

प्रेषित (स.) एकदा बाजारात धान्याच्या राशीजवळ थांबले. राशीत हात घातला तर बोटांना ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. मग भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, अशी त्यांनी विचारणा केली आणि फसवणाऱ्याशी आपले नाते नसल्याचे बजावले. सहीह मुस्लिममधली ही हदीस आपण सर्वांनी ऐकलेली आहे. त्यात दोष पावसाला दिलेला नाही, ओल झाकण्याला दिला आहे. हलका माल विकणे हराम नाही. त्याचा हलकेपणा लपवणे ही फसवणूक आहे. लपलेला दोष निघाला तर सौदा मोडण्याचा हक्क फिक्हने ग्राहकाला दिला आहे. त्याला 'खियार-ए-ऐब' म्हणतात.

बदनामीचे म्हणाल, तर ज्याच्यावर अन्याय झाला त्याने न्याय देऊ शकणाऱ्यापुढे तक्रार करणे ही गीबत नाही, असे इमाम नववींनी 'रियाजुस्सालिहीन'मध्ये स्पष्ट केले आहे. मात्र तेवढेच बोलावे. दुकानदाराचे घरदार, खानदान चव्हाट्यावर आणू नये.

हे ऐकून अम्मी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "कर फोन."

घेण्याआधी एवढे पाहा

टीव्हीच्या मागच्या लेबलवर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवा. टीव्हीला ही नोंदणी सक्तीची आहे. क्रमांक खरा की खोटा, ते 'बीआयएस केअर' या मोबाइल अॅपवर तिथेच तपासता येते. पडद्याचे प्रत्यक्ष ठिपके किती, ते लिहून घ्या. टीव्ही चालू करायला लावा आणि घरी जसे बसता तसे, खालून आणि बाजूनेही पाहा. पॅनेलची वॉरंटी किती, दुरुस्ती कुठे होणार, हे विचारा. मॉडेल आणि मालाचा क्रमांक असलेले पक्के बिल घ्या. ओळखीच्या दुकानात तर हे सगळे आधी करा, म्हणजे ओळखही टिकते.

आमच्याकडे बिल नव्हते, पण मोबाइलवरून पैसे दिल्याची नोंद होती. ती कामी आली. तक्रार नोंदवल्यानंतर दुकानदाराने टीव्ही परत नेला आणि ईदनंतर दोन हप्त्यांत पैसे दिले. रमजानच्या उरलेल्या रात्री अम्मींनी मोबाइलच्या वीतभर पडद्यावर काढल्या.

ईदनंतर महिनाभराने आम्ही त्याच दुकानावरून जात होतो. आत एक नवे जोडपे टीव्ही पाहत होते. मागच्या झाकणावर माझ्या मुलाने चिकटवलेल्या चांदताऱ्याची अर्धवट खरवडलेली खूण होती. टीव्ही आमचाच, दुरुस्त करून पुन्हा 'नवा' झालेला. मला काही सुचेना. अम्मी मात्र पायरी चढून आत गेल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "बेटा, हा दुरुस्त केलेला आहे, हे यांना सांगून विक. कमी पैशात दे, पण सांगून दे."

दुकानदाराने मान खाली घातली आणि त्या जोडप्याला ते सांगितले.