सभा भरली, सभा उठली. काम कोणीं केलें?

महापालिकेच्या सभेची हकीकत वर्तमानपत्रांत ठळक अक्षरांनीं दोनच प्रसंगीं छापली जाते: महापौरांची निवड झाली म्हणजे, आणि सभागृहांत हातघाईचा प्रसंग आला म्हणजे. एरवीं महिन्यामहिन्यास भरणारी सभा, तिच्यापुढें येणारे पाणी, मैला, दिवाबत्ती, रस्ते, शाळा व दवाखाने यांचे विषय, त्यांवर पडणारीं मतें आणि त्यांपायीं खर्च होणारा पैसा, यांविषयीं लोकांस कांहीं कळत नाहीं, व कळावें अशी फारशी इच्छाही कोणी दाखवीत नाहीं. दिल्लीच्या संसदेंत कोण काय बोलला हें ज्यास तोंडपाठ असतें, त्या गृहस्थास आपल्या पेठेंतील गटाराचें काम कोणत्या ठरावानें व किती रुपयांस दिलें गेलें, असें विचारलें तर तो गप्प बसतो. ही उदासीनता निरुपद्रवी नाहीं. शहराच्या कारभारांतील बहुतेक अनर्थ भांडणाच्या सभेंत होत नसून शांतपणें उरकलेल्या सभेंत होतात, असें आमचें मत आहे, आणि त्याचीं कारणें आज वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या विषयास सध्यां विशेष निमित्त आहे. मार्च २०२२ मध्यें मुंबई, पुणें व इतर अनेक महापालिकांच्या सभासदांची मुदत संपली, आणि इतर मागासवर्गांच्या राखीव जागा व प्रभागरचना यांवरील वादांत निवडणुका अडकून पडल्या. नगरपालिकेची मुदत पांच वर्षें, त्यापेक्षां अधिक नाहीं, आणि नवी निवडणूक जुनी मुदत संपण्यापूर्वीं पुरी झाली पाहिजे, असा स्पष्ट निर्बंध १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनें घातलेला आहे. तरीही जवळजवळ चार वर्षें, आणि कांहीं ठिकाणीं त्याहूनही अधिक काळ, या शहरांचा कारभार प्रशासकाच्या एकट्याच्या सहीनें चालला. सर्वोच्च न्यायालयानें ६ मे २०२५ रोजीं चार महिन्यांत निवडणुका घेण्याचा आदेश दिला. ती मुदतही वाढली. आणि अखेर १५ जानेवारी २०२६ रोजीं राज्यांतील २९ महापालिकांसाठीं मतदान झालें. लोकप्रतिनिधि पुन्हा सभागृहांत आले, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु खुर्च्या भरल्या म्हणजे सभा भरली असें होत नाहीं.

मधल्या काळांत एक मत पुष्कळ सुशिक्षितांच्या तोंडून आम्हीं ऐकलें. प्रशासकाच्या अमलांत वादविवाद नाहीं, आरडाओरड नाहीं, कामें झपाट्यानें होतात; मग नगरसेवक हवेत कशाला? हा आक्षेप हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं, कारण नगरसेवकांच्या वागणुकीनेंच तो जन्मास आला आहे. तथापि आमच्या व्यापारी वाचकांस आम्ही एकच प्रश्न विचारतों. आपला मुनीम कितीही हुशार व प्रामाणिक असला, तरी खरेदी त्यानेंच ठरवावी, पैसे त्यानेंच चुकते करावे, आणि वर्षअखेर हिशेब तपासून ‘बरोबर आहे’ असा शेराही त्यानेंच मारावा, अशी व्यवस्था कोणता शेटजी आपल्या पेढीवर चालूं देईल? प्रशासकाच्या राज्यांत नेमकें हेंच घडतें. ज्या अधिकाऱ्यानें अंदाजपत्रक मांडावयाचें, त्यानेंच स्थायी समितीच्या जागीं बसून तें तपासावयाचें, आणि त्यानेंच मुख्य सभेच्या जागीं बसून तें मंजूर करावयाचें! माणूस चांगला कीं वाईट, हा येथें प्रश्नच नाहीं. हिशेब देणारा आणि हिशेब घेणारा एकच असतां कामा नये, हा साधा व्यवहार आहे.

आतां कायदा काय म्हणतो तें पाहूं. मुंबईचा १८८८ चा अधिनियम आणि इतर महापालिकांस लागू असलेला १९४९ चा अधिनियम, या दोहोंतही अंमलबजावणीचा अधिकार आयुक्ताकडे आहे, आणि आयुक्त हा सरकारनें नेमलेला अधिकारी असतो. महापौरांस मान मोठा, परंतु हुकूम करण्याची सत्ता थोडी. मग लोकांनीं निवडून दिलेल्या मंडळींच्या हातीं राहिलें काय? सभा राहिली. पैसा मंजूर करणें किंवा नाकारणें, करांचे दर ठरविणें, कारभाराविषयीं प्रश्न विचारणें, आणि मिळालेल्या उत्तराची इतिवृत्तांत नोंद करून घेणें, हीं चार शस्त्रें त्यांस दिलेलीं आहेत, आणि तीं चालविण्याची जागा सभागृह हीच होय. जो नगरसेवक सभा बुडवितो किंवा सभेंत मुका बसतो, तो आपलें शस्त्र म्यानांत गंजूं देतो. आणि तें शस्त्र त्याच्या घरचें नसून मतदारांनीं विश्वासानें त्याच्या हातीं दिलेलें आहे.

१९४९ च्या कायद्यानें या सभेची आंखणी बारकाईनें केली आहे. दर महिन्यास निदान एक साधारण सभा २० तारखेच्या आंत भरली पाहिजे. तिची सूचना पुरे सात दिवस अगोदर निघाली पाहिजे. एकतृतीयांश सभासद हजर पाहिजेत. आणि सभेनें त्या प्रसंगापुरता वेगळा ठराव केला नसेल, तर सभा लोकांस खुली पाहिजे. १६ सभासदांची स्थायी समिति आठवड्यास एकदां बसावी, अशीही योजना आहे. हे नियम कोरडे दिसतात. परंतु त्यांतील प्रत्येकामागें नागरिकाच्या हिताचा विचार आहे. सात दिवसांची सूचना एवढ्यासाठीं कीं, नगरसेवकानें विषयपत्रिका घेऊन आपल्या प्रभागांत फिरावें, ज्या रस्त्यावर खर्च व्हावयाचा तो रस्ता डोळ्यांनीं पाहावा, आणि मग हात वर करावा. मागील सभेचें इतिवृत्त कायम करावयाचें तें एवढ्यासाठीं कीं, झालेल्या ठरावांत मागाहून कोणी अक्षर घुसडूं नये. सभा खुली ठेवावयाची ती एवढ्यासाठीं कीं, मत देतांना वर झालेला हात मतदारांस दिसावा.

प्रत्यक्षांत काय होतें? आरंभींच कोणा थोर व्यक्तीच्या निधनाबद्दल दुखवट्याचा ठराव येतो, सर्वजण दोन मिनिटें उभे राहतात, आणि लगेच सभा तहकूब होते. मृतांविषयीं आदर असावा यांत वाद नाहीं. परंतु तो दाखविण्यासाठीं जिवंतांच्या पाण्याचा प्रश्न आठ दिवस पुढें ढकलण्याचें कारण आम्हांस समजत नाहीं. तहकुबीवर तहकुबी होऊन विषय सांचतात, आणि मग एके दिवशीं ते सर्व एकदम निकालांत निघतात. ‘विषय क्रमांक अमुक ते तमुक, मंजूर’ एवढें वाक्य उच्चारण्यास जितका वेळ लागतो, तितक्या वेळांत लोकांच्या कोट्यवधि रुपयांची वासलात लागते.

‘ऐनवेळचे विषय’ ही दुसरी खोड. खऱ्या तातडीसाठीं ठेविलेली ही पायवाट कित्येकदां हमरस्ता होऊन बसते. तिसरी खोड वर्गीकरणाची. गाजावाजा करून अंदाजपत्रक मंजूर व्हावयाचें, आणि पुढें वर्षभर एका कामाची तरतूद काढून दुसऱ्या कामाकडे ‘वर्ग’ करावयाची. नाल्यासाठीं ठेविलेली रक्कम शोभेच्या कमानीकडे गेली असेल, तर तें लोकांस पावसाळ्यांत घरांत पाणी शिरल्यावर कळतें. आणि गणपूर्ति? हजेरीपुस्तकांत सही करून सभासद बाहेर चहा पीत बसले, तरी संख्या अपुरी असल्याचें कोणी अध्यक्षांच्या नजरेस आणून देईपर्यंत सभा चालूच! आंधळें दळतें आणि कुत्रें पीठ खातें, ही म्हण आमच्या पूर्वजांनीं जणूं याच कारभारासाठीं करून ठेविली.

यावर नगरसेवक म्हणतात कीं, पक्षाचा हुकूम असतो. बहुमतापुढें एकटा सभासद काय करणार? अशांस आम्ही पुण्याच्या जुन्या नगरपालिकेंतील एका मताची आठवण देतों. जोतीराव फुले हे १८७६ पासून कांहीं वर्षें त्या नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. १८८० सालीं व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या पुण्याच्या भेटीनिमित्त स्वागतासाठीं एक हजार रुपये खर्च करण्याचा विषय निघाला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे लावावा असें म्हणून ३२ सभासदांत एकट्या जोतीरावांनीं विरुद्ध मत दिलें. ते स्वतः सरकारनें नेमलेले, आणि स्वागत सरकारच्या मुख्य प्रतिनिधीचें! ठराव पास झाला. आज त्या स्वागताचा थाट कोणास आठवत नाहीं. परंतु तें एक मत जवळजवळ दीडशें वर्षांनींही लोक आदरानें सांगतात. बाजाराच्या मोठ्या इमारतीवर पैसा घालण्यापेक्षां तो शिक्षणाकडे लावावा, असेंही त्यांचें म्हणणें होतें. आणि १८८६ सालीं खुल्या झालेल्या त्याच रे मार्केटास आज महात्मा फुले मंडई असें नांव आहे. पुढें याच नगरपालिकेच्या अध्यक्षस्थानीं गोपाळ कृष्ण गोखले बसले. कलकत्त्याच्या कायदेकौन्सिलांत १९०२ पासून हिंदुस्थान सरकारच्या अंदाजपत्रकाचा आंकडा न् आंकडा तपासणाऱ्या या पुरुषास आपल्या गांवच्या नळांचा व गटारांचा हिशेब हलका वाटला नाहीं. आमच्या आजच्या सभासदांस तो हलका कां वाटावा?

व्यापाऱ्यांनीं तर या बाबतींत अधिक सावध असलें पाहिजे. जकात होती तोंवर महापालिकेचा हात नाक्यावर उघड दिसत असे, आणि त्याविरुद्ध ओरड कशी करावी हें बाजारपेठेस ठाऊक होतें. अनेक शहरांत जकातीची जागा घेतलेला स्थानिक संस्था कर १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांपुरता उठला, आणि वस्तु व सेवा कर लागू होतांच १ जुलै २०१७ रोजीं मुंबईची जकातही गेली. नाक्यावरची गाडी सुटली, तेव्हां आपला महापालिकेशीं संबंधही सुटला, असें कित्येकांस वाटूं लागलें आहे. ही भूल आहे. आतां महापालिकेच्या स्वतःच्या उत्पन्नाचा मोठा आधार मालमत्ता कर हाच असून जकातीची उणीव राज्य सरकारकडून येणाऱ्या रकमेनें भरून काढावी लागते. पुढील वर्षाच्या करांचे दर सभेनें २० फेब्रुवारीपर्यंत ठरवावयाचे असतात. त्या दिवशीं प्रेक्षकांच्या सज्जांत किती दुकानदार बसलेले असतात? सभा होऊन गेल्यावर, बिल हातीं पडल्यावर संताप करणें म्हणजे वरातीमागून घोडें नाचविणें होय.

आमच्या सूचना थोड्या व साध्या आहेत. पहिली, दुखवट्याचा ठराव झाल्यावर सभा पुढें चालवावी. दुसरी, ज्या विषयांत पैसा गुंतला आहे तो प्रत्येक विषय वेगळा वाचून मतास टाकावा, आणि कोणीं कसें मत दिलें याची नांवनिशीवार नोंद ठेवावी. तिसरी, खर्चाचा कोणताही विषय ऐनवेळीं घेऊं नये. जीव वाचविण्याचा प्रसंग असेल तरच अपवाद करावा. चौथी, वर्गीकरणाच्या प्रत्येक प्रस्तावासोबत, ज्या कामाचा पैसा काढला त्या कामाचें पुढें काय होणार, हें लिहून द्यावें. पांचवी, प्रश्नोत्तरें व इतिवृत्त मराठींत, पुढील सभेपूर्वीं, कोणासही वाचतां येतील अशा रीतीनें प्रसिद्ध करावीं. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ सालीं झाला, आणि सरकारी कचेरीनें मागणीची वाट न पाहतां आपण होऊन माहिती द्यावी, हें त्याच्या चौथ्या कलमाचें तत्त्वच आहे. यांपैकीं एकाही गोष्टीस नवा कर लागत नाहीं कीं नवी इमारत लागत नाहीं. इच्छा तेवढी लागते.

परंतु सभागृहांतील दोष सभागृह आपण होऊन दुरुस्त करील, अशी आशा धरणें भाबडेपणाचें होईल. १८ मे १८८२ रोजीं लॉर्ड रिपन यांच्या सरकारनें स्थानिक स्वराज्याचा ठराव काढला, तेव्हां लोकांस राजकीय शिक्षण मिळावें हा त्यांतील एक मुख्य हेतु सांगितला होता. तें शिक्षण केवळ निवडून गेलेल्यांनीं घ्यावयाचें नव्हतें. निवडून देणाऱ्यांनींही घ्यावयाचें होतें, आणि तो धडा आपण अजून पुरा केलेला नाहीं. प्रत्येक पेठेंतील चारपांच गृहस्थांनीं आणि प्रत्येक व्यापारी मंडळानें आळीपाळीनें सभेस जाण्याचा क्रम ठरवावा, व तेथें काय झालें तें शेजाऱ्यांस सांगावें. वर्षांतून एकदां अर्धा दिवस प्रत्येकाच्या वांट्यास येईल. त्यानें दुकान बुडत नाहीं. मुंबई सोडून बहुतेक महापालिकांत आतां एका प्रभागास चार सभासद आहेत, आणि त्यांतील कोणास जाब विचारावा असें लोक विचारतात. आमचें उत्तर असें कीं, चौघांसही विचारावा.

प्रतिनिधि नाहींत म्हणून आपण चार वर्षें तक्रार केली, आणि ती योग्यच होती. आतां प्रतिनिधि आहेत, सभागृह आहे, आणि सज्जांत बसण्यास मज्जाव नाहीं. पुढील सभेची विषयपत्रिका निघेल तेव्हां ती मिळवावी, आपल्या प्रभागासंबंधीं तींत काय आहे तें वाचावें, आणि सभेच्या आदल्या दिवशीं आपल्या नगरसेवकांस एवढेंच विचारावें कीं, या विषयावर आपण उद्यां काय बोलणार आहां? उत्तर देतां आलें नाहीं, तर तें आपण ध्यानांत ठेवीत आहों, हें त्यांस कळलें म्हणजे पुष्कळ काम झालें.