गादीवरचा अनुभव कागदावर आणा

आम्हा कापडवाल्यांची मुले पदवी घेऊन गादीवर बसतात. दिवसभर तागे मोजणे, उधारीची वसुली. रात्री दुकान वाढवल्यावर ‘कॅट’चा अभ्यास. या परीक्षेचे 3 भाग, प्रत्येकी 40 मिनिटांचे. गिऱ्हाइकांच्या गलक्यात तेवढी सलग मिनिटे मिळत नाहीत, पहाट बरी.

खरी अडचण पुढेच. अनेक आयआयएम पदवीनंतरच्या पूर्णवेळ कामाला निवडीत गुण देतात, पण पुरावा मागतात. घरच्या मुलाला हातखर्च मिळतो, पगार नव्हे. मग 2 वर्षांची मेहनत कागदावर शून्य! तेव्हा कामाला लागतानाच त्याला नेमणूकपत्र द्यावे, पगार बँकेतून करावा, आयकर विवरण भरावे. वाजवी पगार दुकानाच्या खर्चातही धरता येतो. मुलाखतीत उलाढाल, नफा, थकबाकी विचारतील. ती मुनीमजींनाच नव्हे, मुलालाही ठाऊक हवी.