टायट्रेशनसाठी दर्शक कोणता घ्यावा?

महागाव परिसरातल्या विहिरी आणि बोअर काळ्या पाषाणात खोदलेल्या असतात. या खडकातून झिरपलेल्या पाण्यात बायकार्बोनेट चांगलंच असतं, पण सामू बहुतेक वेळा ८.३ च्या खालीच राहतो. अशा पाण्यात फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब टाकले तर रंग येत नाही. ‘पाण्यात अल्कता नाही’ असं लिहून मोकळं व्हावं, तर त्याच नमुन्यात मिथिल ऑरेंज टाकल्यावर ब्युरेटमधून कितीतरी आम्ल सोडावं लागतं. पाणी तेच आहे. फरक पडतो तो दर्शकामुळे.

उडी आणि पल्ला

आम्ल आणि आम्लारी एकमेकांना नेमके पुरे पडतात तो सममूल्य बिंदू. तिथे सामू ७ असतो असं बरेच विद्यार्थी धरून चालतात. दोन्ही तीव्र असतील तरच ते खरं आहे. ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल २५ मिली घेऊन तेवढ्याच तीव्रतेचा कॉस्टिक सोडा सोडला, तर सममूल्य बिंदूच्या एक थेंब आधी सामू ४ असतो आणि एक थेंब नंतर १०. दोन थेंबांत एवढी मोठी उडी. म्हणून इथे फिनॉल्फ्थॅलीन (रंग पालटण्याचा पल्ला सामू ८.३ ते १०) घ्या किंवा मिथिल ऑरेंज (३.१ ते ४.४), वाचनात फारसा फरक पडत नाही.

सौम्य आम्ल आलं की ही मोकळीक संपते. हायड्रोक्लोरिकच्या जागी तेवढंच ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल, घेऊन पाहा. आता सममूल्य बिंदू ८.७ च्या आसपास येतो आणि उडी साधारण ७.५ पासून १० पर्यंतच असते. मिथिल ऑरेंज मात्र ७.६ मिली सोडा पडेपर्यंतच पुरतं पिवळं होऊन बसतं. खरं वाचन २५ मिली! रंगही एका थेंबात पालटत नाही, लालाचा नारिंगी आणि नारिंगीचा पिवळा होत रेंगाळतो. रंग असा रेंगाळला की दर्शक चुकला हे ओळखावं. इथे फिनॉल्फ्थॅलीनच हवं. ऑक्झॅलिक आम्ल आणि कॉस्टिक सोडा या जोडीलाही तेच.

अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचं उलट आहे. सममूल्य बिंदू ५.३ जवळ, म्हणून मिथिल रेड. दोन्ही सौम्य असतील तर ठळक उडीच नसते. अशा वेळी दर्शकाचा नाद सोडून सामूमापक वापरावा.

एका नमुन्यात दोन दर्शक

पुन्हा विहिरीच्या पाण्याकडे. १०० मिली नमुन्यात आधी फिनॉल्फ्थॅलीन टाकतात. गुलाबी रंग आलाच, तर तो जाईपर्यंत ०.०२ नॉर्मल आम्ल सोडायचं. सामू ८.३ ला येतो तेव्हा कार्बोनेटचं बायकार्बोनेट झालेलं असतं. मग त्याच फ्लास्कमध्ये मिथिल ऑरेंज टाकून पिवळ्याचा नारिंगी होईपर्यंत पुढे जायचं. हा टप्पा सामू ४.५ च्या सुमारास येतो, कारण बायकार्बोनेटपासून तयार झालेला कार्बन डायऑक्साइड पाण्यातच विरघळतो आणि पाणी आम्लधर्मी करतो. ‘७ च्या जवळचा’ म्हणून इथे ब्रोमोथायमॉल ब्लू घेतला, तर तो सामू ६ ला पिवळा होतो आणि त्या वेळी बायकार्बोनेट सुमारे ३० टक्के शिल्लक असतं.

हिशेब सोपा आहे: १ मिली आम्ल म्हणजे लिटरला १० मिलिग्रॅम अल्कता, कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात. समजा दोन्ही टप्पे मिळून ३२ मिली लागलं, तर ३२०. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० ही स्वीकार्य मर्यादा आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत मुभा आहे. वाचन चुकलं तर गावाच्या पाण्याबद्दलचा निष्कर्षच चुकतो, म्हणून दर्शकाच्या निवडीत हयगय नको.

थेंब मोजूनच

दर्शक स्वतः सौम्य आम्ल किंवा आम्लारी असतो. तो जास्त टाकला की आपल्याच वाट्याचा अभिकारक खातो. दोन-तीन थेंब पुरेत. फिनॉल्फ्थॅलीनचा फिकट गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की थांबावं. नंतर तो उडतो ते हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे, त्यासाठी आणखी सोडा टाकू नये.

हळद कुठे चालते?

हळदीत चुना मिसळून कुंकू होतं, हे घरोघरी ठाऊक आहे. तीच क्रिया प्रयोगशाळेतही उपयोगी पडते. स्पिरिटमध्ये काढलेला हळदीचा अर्क आम्लात पिवळा राहतो आणि सामू ८ च्या आसपास लालसर होऊ लागतो, म्हणजे फिनॉल्फ्थॅलीनच्या शेजारीच. व्हिनेगर आणि कॉस्टिक सोड्याच्या प्रयोगाला हा अर्क चालून जातो. पिवळ्यातून तांबडा होतानाचा क्षण टिपायला डोळा थोडा सरावावा लागतो, आणि फ्लास्कखाली पांढरा कागद असावा. अमोनियासाठी किंवा पाण्याच्या एकूण अल्कतेसाठी हळद वापरू नये. तिथे अंतिम बिंदू येण्याच्या कितीतरी आधीच ती पिवळी झालेली असते.