गोळी पाठीत, सोनं पाण्यात!

डायव्हिंगमध्ये भारताला ऑलिंपिकचं एकही पदक मिळालेलं नाही. जाम-कन्हान नद्यांच्या डोहात मुटके मारणाऱ्या पोरांनो, जागा अजून रिकामी आहे! तरणतलावातलं सोनं मात्र एका मराठी माणसानं १९७२ मध्येच आणलंय, तेही पॅरालिंपिकमधून. नाव मुरलीकांत पेटकर, गाव सांगली जिल्ह्यातलं पेठ इस्लामपूर.

गंमत म्हणजे, हा गडी मुळात पोहणारा नव्हताच. सैन्यात ईएमई या तांत्रिक दलाचा जवान आणि नाद बॉक्सिंगचा. १९६५ च्या भारत-पाक युद्धात अंगात गोळ्या घुसल्या आणि कमरेखालचं शरीर लुळं पडलं. एक गोळी तर मणक्यात कायमचीच राहिली. मुंबईच्या ‘अश्विनी’ या नौदल रुग्णालयात उपचार सुरू असताना व्यायाम म्हणून पोहायला सांगितलं गेलं. पेटकरांनी त्या व्यायामाचीच शर्यत करून टाकली!

१९६८ च्या तेल अवीव पॅरालिंपिकला ते गेले होते टेबल टेनिस खेळायला.

परदेशवारीचा खर्च? क्रिकेटवीर विजय मर्चंट यांच्या संस्थेनं हातभार लावला.

१९७२ चं ऑलिंपिक म्युनिकला, पण पॅरालिंपिक हायडेलबर्गला. का? म्युनिकच्या क्रीडाग्रामातल्या सदनिका स्पर्धेनंतर लगेच खासगी घरांसाठी वापरायच्या होत्या! हायडेलबर्गच्या पाण्यात पेटकरांनी ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत कापलं. सुवर्ण तर मिळालंच, वर विश्वविक्रमही. एवढ्यावर भागलं नाही म्हणून भालाफेक आणि व्हीलचेअर स्लॅलमचीही अंतिम फेरी गाठली. ऑलिंपिकमधलं भारताचं पहिलं वैयक्तिक सुवर्ण अभिनव बिंद्रानं मिळवलं, ते यानंतर ३६ वर्षांनी.

आणि कौतुक? इथं मात्र आपली गाडी पॅसेंजर, राजेहो. अर्जुन पुरस्कारासाठी त्यांनी १९८० च्या दशकात अर्ज केला, तो नामंजूर झाला. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. २०२४ मध्ये त्यांच्या आयुष्यावरचा कार्तिक आर्यनचा ‘चंदू चॅम्पियन’ हा चित्रपट आला, तेव्हा कुठं घराघरांत नाव पोचलं. अर्जुन पुरस्कार हाती पडला जानेवारी २०२५ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी!

आपल्या मध्य प्रदेशातही असा एक पाण्यातला वाघ आहे बरं का. दिव्यांग जलतरणपटू सत्येंद्रसिंह लोहिया, २०२४ चे पद्मश्री.

गुरुजी, लोधीखेड्याच्या शाळेत पुढची सामान्यज्ञान स्पर्धा घ्याल, तेव्हा पहिला प्रश्न पेटकरांवर टाका.